‘आयएसटी’, खोटा झेड आणि शून्य सालची तारीख: सर्व्हरकडून आलेल्या बिघडलेल्या वेळांचं काय करायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं डिस्पॅचचं सॉफ्टवेअर तू सांभाळतोस. ग्राहकांच्या पोर्टलवरून शेड्यूल आणि पावत्या ओढून घेतोस. एकाच्या रिस्पॉन्समध्ये (सर्व्हरच्या उत्तरात) वेळेपुढे ‘आयएसटी’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या वेळेला ऑफसेटच (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपासूनचं अंतर, आपलं +०५:३०) नसतो, तिसरा मधूनच ००००-००-०० पाठवतो. तिसऱ्या पाळीतल्या काही एंट्र्या आदल्या दिवशी पडतात. आणि तू विचारलंयस, ‘सर, काहीही आलं तरी पार्स करेल, म्हणजे वाचून अर्थ लावेल, अशी एखादी लायब्ररी सांगा.’

तशी लायब्ररी आहे भावा, पण या कामाला ती घेऊ नकोस.

पायथनमधली डेटयुटिल घे. तिला ०३/०४/२०२४ दिलं तर ती ४ मार्च सांगते, कारण वेगळं काही सांगितलं नाही तर ती महिना आधी धरते. आपल्या लेखी ती ३ एप्रिल. आता १३/०४/२०२४ दे. तेरावा महिना नसतो, म्हणून ती गुपचूप अदलाबदल करून १३ एप्रिल देते. म्हणजे महिन्याच्या बारा तारखेपर्यंत चूक आणि तेरापासून बरोबर. टेस्टिंग वीस तारखेला केलंस तर सगळं ठीक दिसणार. दिवस आधी धर असं तिला सांगता येतं, पण मग तीच अदलाबदल उलट बाजूने होते. नुसतं ‘१०’ दिलं तरी ती चालू महिना आणि वर्ष चिकटवून तारीख करून देते. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसमध्ये तारीख दिवस/महिना/वर्ष अशीच असते, त्यामुळे हा प्रकार आपल्याकडे रोजचा.

चुकीची तारीख फेटाळली गेली तर सकाळी फोन येतो. तीच अंदाजाने ‘बरोबर करून’ आत घेतली तर मार्चअखेरीला हिशेब जुळवताना सापडते, तेही सापडली तर. मला सकाळचा फोन परवडतो. म्हणून प्रत्येक ग्राहकासाठी त्याच्याकडून येणारे फॉरमॅट नेमके लिहून ठेवायचे, तेवढेच स्वीकारायचे, आणि बाकीचं बाजूला काढायचं. बाजूला काढल्यावर पुढे काय, हे ती वेळ कशासाठी होती त्यावर ठरतं. सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही.

(खाली नमुने देवनागरीत लिहिलेत. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत असतात, निदान असायला हवेत. नसतात तेव्हा काय होतं, ते पुढे येतंच.)

आधी ‘आयएसटी’. या तीन अक्षरांवर भारत, इस्रायल आणि आयर्लंड असे तिघेजण हक्क सांगतात. समज, रिस्पॉन्समध्ये ‘११ जून २०२४, १४:३०:०० आयएसटी’ असं आलं. जावाचा जुना टाइमझोन क्लास याला भारत समजतो, म्हणजे यूटीसी ०९:००. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १७ पर्यंतच्या आवृत्त्यांत मूळ सेटिंग तसंच ठेवलं असेल तर तो इस्रायल समजतो, म्हणजे यूटीसी १२:३०. आणि हीच वेळ कुकीच्या (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदीच्या) एक्सपायर्समध्ये, म्हणजे मुदतीच्या जागी, असेल तर ब्राउझर ती तीन अक्षरं सरळ ओलांडून पुढे जातो आणि १४:३० हेच यूटीसी धरतो, म्हणजे आपल्या रात्रीच्या आठला कुकी संपणार. एकाच ओळीचे तीन अर्थ, आणि तिघांपैकी कोणीही एरर दिलेली नाही. पायथनचं एक ईमेलवालं तारीख-फंक्शन आणखी वेगळं वागतं: झोनचं नाव ओळखीचं नसेल तर झोनशिवायची नुसती वेळ हातात देतं.

पोस्टग्रेसमध्ये झोनच्या लघुरूपांचं सेटिंग ‘इंडिया’ असं बदलता येतं. ते करायला हरकत नाही, पण भरवसा त्यावर ठेवू नकोस. उद्या डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर हलवला की ते सेटिंग मागे राहतं. त्यापेक्षा वेळ डेटाबेसपर्यंत पोचायच्या आधीच, ‘या ग्राहकाकडून आलेलं आयएसटी म्हणजे +०५:३०’ असं त्या ग्राहकाच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिही. दुसऱ्या कोणाकडून आयएसटी आलं तर ते तिथेच अडलं पाहिजे.

हेडरमधल्या, म्हणजे उत्तराच्या मजकुराआधी येणाऱ्या माहितीतल्या, तारखांची गोष्ट मात्र सोपी आहे, कारण तिथे नियम छापील आहेत. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे लिखित नियम; २०२२ च्या आरएफसी ९११० प्रमाणे एचटीटीपीची (ब्राउझर-सर्व्हर संवादातली) तारीख एकाच साच्यात पाठवायची: ‘सन, ०६ नोव्ह १९९४ ०८:४९:३७ जीएमटी’. वार तीन अक्षरी, वर्ष चार आकडी, झोन कायम जीएमटी, म्हणजे यूटीसीच. घेणाऱ्याने मात्र आणखी दोन जुने साचे समजून घेतलेच पाहिजेत, त्यातल्या एकात वर्ष दोन आकडी असतं. ते वर्ष पन्नासहून जास्त वर्षं पुढचं वाटलं तर मागच्या शतकातलं धरायचं, हेही तिथेच लिहिलंय. याच्या बाहेरचं जे काही, ते बिघडलेलं.

आणि बिघडलेलं आलं तर काय, याचंही उत्तर हेडरनिहाय ठरलेलं आहे. एक्सपायर्स हेडर साठवलेलं उत्तर कधीपर्यंत चालेल ते सांगतो; त्यात ‘०’ किंवा ‘-१’ आलं तर मुदत संपली असं समजायचं. झोन जीएमटी सोडून दुसरा असेल तर मुदत मोजताना ती तारीख अवैध धरावी, असं आरएफसी ९१११ सांगतो. म्हणजे इथे आयएसटीचा अर्थ लावत बसायची गरजच नाही. कॅश-कंट्रोल हेडरमध्ये मॅक्स-एज (उत्तर किती सेकंद चालेल तो आकडा) असेल तर एक्सपायर्सकडे बघायचंही नाही. इफ-मॉडिफाइड-सिन्समधली (‘या वेळेनंतर बदललं असेल तरच पाठव’) तारीख वाचता आली नाही तर सर्व्हरने तो हेडर नसल्यासारखं वागून पूर्ण उत्तर द्यायचं. कुकीची तारीख वाचता आली नाही तर फक्त ती तारीख सोडून द्यायची. कुकी राहते, ब्राउझर बंद होईपर्यंत. डेट हेडरच अवैध असेल तर उत्तर ज्या क्षणी मिळालं ती आपली वेळ लावायला परवानगी आहे. सगळीकडे कल एकच: शंका आली तर पुन्हा मागवा. चार केबी जादा डाउनलोड झाले तर फाउंड्रीचं काही बिघडत नाही.

इथे दोन गोष्टी हाताला लागतात म्हणून सांगतो. लास्ट-मॉडिफाइड, म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ, परत पाठवताना स्वतः फॉरमॅट करू नकोस. आलेली स्ट्रिंग जशीच्या तशी ठेव आणि तशीच परत पाठव. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये तंतोतंत जुळणी बघतो. तू एक सेकंद जरी इकडेतिकडे केलास तर ३०४ (‘बदल नाही’ हे उत्तर) मिळणार नाही. दुसरं रिट्राय-आफ्टर, म्हणजे पुन्हा कधी विचारायचं ते सांगणारा हेडर. त्यात सेकंद येऊ शकतात किंवा पूर्ण तारीखही. तारीख आली आणि त्यांचं घड्याळ मागे असलं तर वजाबाकी ऋण येते, मग तुझा प्रोग्राम एकतर कोसळतो किंवा न थांबता धडका मारत राहतो. खालची आणि वरची मर्यादा घाल.

आता मुख्य दुखणं: बॉडीमधली, म्हणजे उत्तराच्या जेसन मजकुरातली वेळ. इथे कोणी वाली नाही.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे खोटा झेड. वेळेच्या शेवटी झेड म्हणजे यूटीसी. पण जावात पॅटर्न लिहिताना झेड अवतरणचिन्हात टाकला की ते नुसतं अक्षर उरतं, अर्थ उरत नाही. सर्व्हर भारतीय वेळेवर चालतोय, फॉरमॅटर भारतीय वेळ छापतो आणि शेवटी झेड चिकटवतो. फॉरमॅट म्हणून तपासलं तर हे एकदम निर्दोष. कुठलाही व्हॅलिडेटर पास करतो. फक्त साडेपाच तास चुकलेलं.

हे पकडायची साधी युक्ती आहे. नुकत्याच तयार झालेल्या रेकॉर्डचा रिस्पॉन्स हेडरसकट बघ. बॉडीत ‘२०२४-०६-११टी१६:४२:१०झेड’ आहे आणि त्याच रिस्पॉन्सच्या डेट हेडरमध्ये ‘ट्यू, ११ जून २०२४ ११:१२:१२ जीएमटी’. रेकॉर्ड तयार झाला, त्याच्या साडेपाच तास आधीच सर्व्हरने उत्तर पाठवलं? असं होत नाही. फरक ५ तास २९ मिनिटं ५८ सेकंद, म्हणजे साडेपाच तास वजा दोन सेकंद. डेट हेडर बहुतेक वेळा वेब सर्व्हर किंवा पुढचा प्रॉक्सी स्वतः लावतो, ॲप्लिकेशनच्या प्रोग्रामरचा हात तिथे पोचत नाही, म्हणून साक्षीदार म्हणून तो बरा. आधी आपलं घड्याळ मात्र नीट कर. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (घड्याळं जुळवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायला सांगितलंच आहे.

खोटा झेड सापडला की साडेपाच तास वजा करायचा मोह होतो. कर, पण कोडमध्ये कुठेतरी ठोकून बसवू नकोस. त्या ग्राहकाच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘अमुक तारखेपासून झेड खोटा’ अशी नोंद कर, आणि प्रत्येक वेळी डेट हेडरशी पडताळणी चालू ठेव. कारण तुझ्या मेलनंतर सहा महिन्यांनी, तुला न कळवता, ते लोक त्यांच्याकडे दुरुस्ती करतात. त्या दिवसापासून तू बरोबर वेळेतून साडेपाच तास कापायला लागतोस.

ऑफसेटच नसलेली वेळ आली तर? जावास्क्रिप्टमध्ये इथे एक गंमत आहे. ‘२०२४-०६-११’ एवढंच दिलं तर ते यूटीसी धरलं जातं; पुढे वेळ लावली आणि ऑफसेट दिला नाही तर स्थानिक वेळ धरली जाते. एकाच रिस्पॉन्समधली दोन फील्डं दोन वेगळ्या नियमांनी वाचली जातात. कोल्हापुरात बसून लॅपटॉपवर बघितलं तर दोन्ही तारखा बरोबर दिसतात, क्लाउडवरच्या यूटीसी सर्व्हरवर चढवलं की एक सरकते. टेस्ट चालवताना मशीनचा झोन एकदा यूटीसी, एकदा एशिया/कोलकाता असा ठेवून दोनदा चालव. ग्राहक जर्मनीत असेल तर युरोप/बर्लिनही घे: ३० मार्च २०२५ ला तिथे पहाटेचे अडीच वाजलेच नाहीत, आणि २६ ऑक्टोबरला दोनदा वाजले. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे होत नाही म्हणून हे डोक्यात येत नाही.

ऑफसेट हाताने बनवणारेही असतात. भारताचा ऑफसेट ब्राउझर -३३० असा देतो, चिन्ह उलटं आणि मिनिटांत. त्याला साठने भागून कोणी +५.५ पाठवतो, कोणी अपूर्णांक कापून +०५:००, आणि मी +०५:५० सुद्धा बघितलंय. +०५:०० आणि +०५:५० दिसायला वैध असतात, म्हणून ऑफसेटचीही यादी ठेव: भारतीय ग्राहकाकडून +०५:३० किंवा यूटीसी, बाकी काही नाही. झोनच्या नावात मात्र सैल राहा. क्रोम ‘एशिया/कलकत्ता’ असं सांगत आलाय, फायरफॉक्स ‘एशिया/कोलकाता’. दोन्ही एकच, फक्त नव्या नावांची यादी ठेवशील तर अर्धे ब्राउझर नापास होतील.

पुढच्या पानाची लिंक रिस्पॉन्समध्ये देताना अधिक चिन्ह एन्कोड केलेलं नसेल तर क्वेरी स्ट्रिंगमध्ये त्याची स्पेस होते आणि +०५:३० चं ‘ ०५:३०’ उरतं. कारण कळायला वेळ लागतो, दुरुस्ती एका मिनिटाची. लिंकमध्ये यूटीसी आणि झेडच वापर, प्रश्नच मिटला.

शून्य तारखा. ००००-००-०० बहुतेक करून मायएसक्यूएल या डेटाबेसमधून येते. ०००१-०१-०१ आली तर पलीकडे डॉटनेट किंवा गो मधला प्रोग्राम आहे आणि फील्ड भरलेलंच नाही. १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच, म्हणजे शून्य हा आकडा भारतीय वेळेत, कारण कॉम्प्युटर सेकंद तिथपासून मोजतो. २० जानेवारी १९७० च्या आसपासची तारीख दिसली तर सेकंदांना मिलिसेकंद समजलं गेलंय: १,७०,००,००,००० सेकंद म्हणजे नोव्हेंबर २०२३, पण तेवढे मिलिसेकंद म्हणजे जेमतेम वीस दिवस. आणि तारखेच्या जागी ४५२९२ आलं तर कोणीतरी एक्सेलमधून उचललंय. ती १ जानेवारी २०२४. या सगळ्यांचं भाषांतर ‘तारीख नाही’ असं व्हायला हवं, फक्त शेवटच्या दोनांचं नाही, कारण तिथे माहिती आहे, माप चुकलंय. त्याऐवजी आजची तारीख भरणं हा सगळ्यात वाईट उपाय. पीएचपीला शून्य तारीख दिली तर तो इसवी सनाच्या आधीची ३० नोव्हेंबर काढून दाखवतो. निदान ते हास्यास्पद असल्यामुळे लगेच नजरेत भरतं.

३१ जून सारख्या तारखा त्याहून चोरट्या. जावाचा जुना सिंपल-डेट-फॉरमॅट ३१ जूनला १ जुलै करतो. नवीन फॉरमॅटरमध्ये स्वतः पॅटर्न दिलास तर तो ३० जून करतो. कडक मोड सुरू कर, आणि तेव्हा वर्षासाठी वायऐवजी यू अक्षर वापर, नाहीतर तो युग कुठलं (इसवी सन की इसवी सनपूर्व) ते विचारत बसेल. वाय वापरायचाच तर निदान मोठा वापरू नकोस. तो आठवड्याच्या हिशेबाचं वर्ष देतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत पुढचं साल छापू शकतो.

आता मराठीचा घोळ. पोर्टल मराठीत करायचं म्हणून कोणी सर्व्हरचं लोकेल (भाषा आणि प्रदेशाचं सेटिंग) मराठी केलं की महिन्यांची नावं आणि काही ठिकाणी आकडेही देवनागरीत येतात, अगदी एपीआयच्या, म्हणजे मशीनने मशीनला दिलेल्या, उत्तरातसुद्धा. पायथनला त्याचं काही वाटत नाही; ‘०५’ त्याला पाचच वाटतो, रेजेक्समधलं (मजकूर शोधायच्या नमुन्यातलं) आकड्याचं खुणाक्षरही देवनागरी आकडे पकडतो. जावास्क्रिप्टला तोच ‘०५’ आकडा वाटत नाही. म्हणून सर्व्हरवर चाललं आणि ब्राउझरमध्ये फुटलं, असं झालं की आधी लोकेल बघ. इंग्रजीही निर्धोक नाही: जावा १६ पासून ब्रिटिश लोकेलमध्ये सप्टेंबरचं लघुरूप चार अक्षरी झालं, आणि जावा २० पासून एएम-पीएमच्या आधीची स्पेस वेगळीच आली, डोळ्याला न दिसणारी. मशीनने मशीनला पाठवायच्या तारखेला लोकेल लावायचंच नाही.

राहिली तुझी तिसरी पाळी. रात्री बारा ते साडेपाच या वेळात यूटीसीमध्ये आदला दिवस चालू असतो. त्या वेळातली गाडी यूटीसी तारखेने मोजली की आदल्या दिवशी जाणारच. इतर दिवशी हे सुपरवायझरपुरतं राहतं, पण १ एप्रिलच्या रात्री दोनला निघालेली गाडी ३१ मार्चला पडली तर आर्थिक वर्षच बदलतं. पार्सर कितीही कडक केलास तरी हे सुटणार नाही, कारण इथे वेळ बिघडलेली नाही, चुकीच्या जागी ठेवलेली आहे. क्षण आणि दिवस या दोन गोष्टी आहेत. गाडी गेटबाहेर पडली तो क्षण: ऑफसेटसकट किंवा यूटीसीत ठेव. पावतीची तारीख हा दिवस: नुसती तारीख, झोन नाही, मध्यरात्र नाही. आणि पाळीचा दिवस ही तिसरीच गोष्ट; बऱ्याच फाउंड्र्यांत सकाळच्या पाळीपासून दिवस सुरू धरतात, मग रात्री दोनची गाडी पाळीच्या हिशेबात आदल्या दिवसाचीच असते. तिन्हीला तीन कॉलम दे.

जन्मतारखेचंही तेच. एका पेन्शनरांच्या यादीत फक्त वयोवृद्धांच्याच तारखा एक दिवस मागे सरकलेल्या मी पाहिल्यात. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं, आणि झोनच्या डेटाबेसमध्ये ते नोंदलेलं आहे. सर्व्हरने १९४३ मधली मध्यरात्र साडेसहा तास मागे नेऊन यूटीसी केली, वाचणाऱ्याने साडेपाचच तास मिळवले, आणि उत्तर आलं आदल्या रात्रीचे अकरा.

साठवताना मूळ स्ट्रिंग, ज्या रिस्पॉन्समधून आली त्याचा डेट हेडर, आणि आपण काढलेला अर्थ, तिन्ही वेगळे ठेव. मूळ स्ट्रिंग जपली असेल तर नियम चुकला तरी पुन्हा मोजता येतं.

आधीच बिघडलेल्या ओळींवर सरसकट अपडेट चालवू नकोस. त्यातल्या काही खोट्या झेडच्या, काही ऑफसेट नसलेल्या, काही बरोबर असतील. बारा ते साडेपाचमधल्या डिस्पॅच आधी बाहेर काढ आणि गेटच्या रजिस्टरशी, वजनकाट्याच्या पावतीशी ताडून बघ. कागदावर वॉचमनने लिहिलेली वेळ भारतीयच असते. चूक असल्याची खात्री पटलेल्या तेवढ्याच ओळी बदल, जुनी किंमत बाजूच्या कॉलममध्ये ठेवून.

आणि ग्राहकाच्या आयटीला मेल टाकताना एकाच रिस्पॉन्सचे हेडर आणि बॉडी दोन्ही जोड, दोन वेळांखाली रेघ मार, आणि एवढंच माग: प्रत्येक क्षणाला खरा ऑफसेट, आणि तारीख असेल तिथे नुसती तारीख. ‘वेळ चुकतेय’ एवढंच लिहिलंस तर ‘आमच्याकडे बरोबर दिसतंय’ असं उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल. त्यांच्या स्क्रीनवर झेड कोणी दाखवतच नाही.